लावलं का?

त्या घरात बोलताना नामं वापरायची पद्धतच नव्हती. नुसत्या क्रियापदांवर संसार चालायचा. "आणलं?" "ठेवलंय." "सांगितलं?" "उद्या सांगतो." काय आणलं, कुठे ठेवलं, कुणाला काय सांगायचं होतं हे ज्याचं त्याला कळायचं, आणि एखाद्या वेळी नाही कळलं तर फार तर भाजीत मीठ दोनदा पडायचं. त्याने कुणाचा जीव जात नव्हता.

मग त्यांनी डबा घेतला.

डबा म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. दुकानदार त्याला ट्रेलर म्हणत होता. नवऱ्याने पहिल्याच दिवशी त्याचा डबा केला, आणि तेच नाव पडलं. पुढच्या भिंतीला आडवा पलंग, मध्ये घडीचं टेबल, मागे ओटा, मोरी आणि ओट्याखाली पाण्याची टाकी. नवरा जन्माचा प्लंबर. निवृत्त झाल्यावर हातांना काम नाही म्हणून घरातले धड नळ उघडून पुन्हा बसवत बसायचा, त्यामुळे डबा आला तेव्हा बायकोला आधी बरंच वाटलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. छतावरचे सांधे खरवडून तो त्यात नवा मसाला भरायचा, चाकांच्या बेअरिंगला वंगण द्यायचा, खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवून ओल शोधायचा. डब्यात पाण्याचा एक थेंब कुठून शिरेल तर शपथ.

गाडी मात्र ती चालवायची. तिने उभं आयुष्य बेकरीची व्हॅन चालवली होती, उजाडायच्या आत पाव घेऊन निघायची आणि पाव गरम असतानाच परतायची. नवऱ्याचं चालवणं नळासारखं होतं, एकतर बंद, नाहीतर पूर्ण सोडलेला. तेव्हा चालवणार ती आणि जोडणी करणार तो, अशी वाटणी आपोआप झाली.

तिला डब्याची भीती वाटायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण नवरा इतका खूश होता. व्हॅन म्हणजे आपल्या अंगाचाच भाग होता. डब्याचं तसं नव्हतं. त्याला स्वतःचं वजन होतं, स्वतःची चाकं होती, आणि तिला कायम वाटायचं की त्याला स्वतःची मर्जीही असणार. शेजारून मोठा ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने डबा आधी बाजूला ढकलला जायचा आणि मग आत ओढला जायचा, आणि ते तिला पाठीच्या मणक्यात कळायचं. रोज संध्याकाळी इंजिन बंद करताना ती मनात म्हणायची, आजचं झालं.

तिसरी व्यक्ती म्हणजे वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण, एकटी, अंगाने भरलेली, दोन्ही गुडघ्यांनी जेरीस आणलेली. मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर त्यांनी नोकरी काढली होती, आणि निवृत्तीनंतर त्या भावाकडे आल्या त्या आल्याच. वन्सं आणि ती यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. कधीतरी पडद्याच्या कापडावरून काहीतरी बिनसलं, बिनसलं ते राहूनच गेलं, आणि दोघी एकमेकींशी थेट बोलेनाशा झाल्या. भांडण नव्हतं हो. फक्त सगळं भावामार्फत जायचं. जेवताना तिघंच टेबलाशी, आणि वन्सं म्हणायच्या, "तिला सांग, पंखा जरा कमी कर." मग ती म्हणायची, "त्यांना म्हणावं, बटण त्यांच्याच हाताशी आहे." दोन टोकं जोडणं हे प्लंबरचंच काम, तेव्हा नवरा बिचारा दोन्हीकडे तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. वन्संना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून प्रवासात त्या गाडीच्या मागच्या सीटवर असायच्या, शालीत गुंडाळून, आडव्या, गप्प. मागे बघायचा आरसा तर घडीच्या खुर्च्या आणि उशांच्या ढिगाने केव्हाच आंधळा झाला होता. ती बाहेरच्या दोन आरशांवर गाडी हाकायची, आणि मागच्या सीटकडे वळून पाहायचं कारणही तिला पडत नव्हतं.

आता जोडणीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो. डब्याच्या दांड्याला पुढे उलटी वाटी असते. वाटी गोळ्यावर बसवायची, वरचा खटका दाबायचा, खटका उघडू नये म्हणून त्यात पिन घालायची, दोन साखळ्या अडकवायच्या, दिव्यांची वायर खोचायची आणि शेवटी डब्याचं दार ओढून घ्यायचं. खटका लावतात, पिन लावतात, साखळ्या लावतात, वायर लावतात, दारही लावतातच. तेव्हा ती स्टिअरिंगवर बसून काच खाली करून विचारायची, "लावलं का?" आणि मागून तो म्हणायचा, "लावलं." मागच्या मुक्कामी शेजारच्या डब्यातला एक माणूस निघताना एकेका वस्तूला हात लावून तिचं नाव मोठ्याने घ्यायचा. तो जाईपर्यंत हे दोघं कसंबसं हसू दाबून उभे होते.

त्या सकाळी ते डोंगरमाथ्यावरून निघाले. मुक्कामाच्या जागी नळाला गोड पाणी होतं, आणि चांगलं पाणी फुकट मिळालं की प्लंबरचा जीव राहत नाही. त्याने मागची टाकी गळ्यापर्यंत भरली. आकाश स्वच्छ होतं. ती सीटवर बसली, आरसे पुसले, मागे खाडखुड चाललेलं ऐकत थांबली. मग काच खाली केली.

"लावलं का?"

जरा वेळ गेला. मग आवाज आला, "लावलं." तो येऊन शेजारी बसला आणि पट्टा बांधला. जरा घाईत वाटला. तिने गाडी सोडली.

पहिला टप्पा सपाट होता. मग रस्ता वळला, झाडी संपली आणि घाट सुरू झाला. एका अंगाला डोंगराची कापलेली भिंत, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा आणि त्यापलीकडे काही नाही, खालच्या झाडांचे फक्त शेंडे. गाड्या एकामागून एक उतरत होत्या, त्यांच्या मागे दुधाचा मोठा टँकर होता. तिने खालचा गिअर टाकला. इंजिन कण्हायला लागलं. ठीक चाललं होतं.

तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर तिला आरशात डबा हलताना दिसला. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, सावकाश. वारा असेल म्हणून तिने झाडांकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

"आज मागे जड का वाटतंय?" तिने विचारलं.

"टाकी भरली ना," तो म्हणाला.

"सगळी?"

"पाणी चांगलं होतं."

डब्याचं मागचं टोक जड झालं की पुढचं टोक हलकं होतं आणि डबा शेपूट हलवायला लागतो, हे डबा घेतानाच त्याने तिला समजावलं होतं. नाकापेक्षा मोती जड. तिने पाय आणखी हलका केला. डबा पुन्हा हलला, आणि या वेळी त्यासोबत आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा. तो आवाज तिने आजवर कधी ऐकला नव्हता.

"हा कसला आवाज?"

नवऱ्याने तोंडावरचा घाम पुसायला शर्टाच्या खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर काहीतरी मांडीवर पडलं. त्याने ते उचललं आणि धरूनच राहिला. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. खटक्याची पिन होती.

"साखळ्या?" तिने विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. "खटका?" तो नुसता पिनीकडे बघत होता. वाटी त्याने गोळ्यावर बसवली होती. वायर खोचली होती. बाकी काही नाही.

"मग लावलं म्हणालात ते काय?"

"दार," तो म्हणाला. "मला वाटलं, तू दार विचारतेयस."

"दार का विचारीन मी?"

तेव्हा त्याने ते सांगितलं. सकाळी ताईचे गुडघे फार दुखत होते. मागच्या सीटवर पाय दुमडून बसवेना. ताई म्हणाली, घाट उतरेपर्यंत डब्यात पलंगावर पाय सोडून पडते, पण तुझ्या बायकोला सांगू नकोस, ती निघू द्यायची नाही. चालत्या डब्यात माणूस बसवायचा नसतो हे त्यालाही माहीत होतं. पण बहीण थोरली, आणि गुडघे खरंच सुजलेले. जोडणी अर्धी टाकून त्याने ताईला हात धरून वर चढवलं, दार ओढून घेतलं, आणि त्याचा हात दाराच्या मुठीवर असतानाच बायकोचा प्रश्न आला. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, पकडलो गेलो.

"ताई आत आहे," तो म्हणाला.

तिच्या हातापायांतलं बळच गेलं. गाडी मात्र चालत होती, कारण उतार होता, आणि उताराला कुणाच्या बळाची गरज नसते. थांबावं म्हणून तिचा पाय आपोआप ब्रेककडे गेला आणि तिथेच वर अधांतरी राहिला. ब्रेक दाबला तर गाडी मागून उचलली जाईल, डबा पुढे रेटत येईल आणि वाटी गोळ्यावरून उडी मारेल. ओढताना वाटी धरते, ढकलताना सुटते. खालचा गिअर वेग वाढू देत नव्हता, पण गाडी थांबवतही नव्हता. म्हणजे थांबायचं तर चढ हवा. आणि आख्खा डोंगर तर खाली चालला होता.

मग वाटी अजून बसून कशी, हा प्रश्न तिला पडला, आणि उत्तरही लगेच मिळालं. पलंग पुढच्या भिंतीला होता, थेट दांड्याच्या वर. वन्सं त्यावर झोपल्या होत्या. भरलेल्या टाकीसमोर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात फक्त वन्सं होत्या.

"फोन लावा त्यांना," ती म्हणाली. "उठू नका म्हणावं."

वन्संचा फोन कायम गळ्यातल्या कापडी पिशवीत असायचा. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. "बोला," त्या म्हणाल्या, अगदी इस्पितळातल्यासारखं.

"ताई, मी बोलतोय," नवरा म्हणाला. त्याने आवाज हसरा करायचा प्रयत्न केला, आणि ते फारच वाईट झालं. "झोपलीस का?"

"झोपू देशील तर. काय झालं?"

"काही नाही. काही नाही, तू आपली पडून राहा."

आता त्या घरात 'काही नाही' म्हणजे काहीतरी नक्की, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आई गेली तेव्हाही याने बहिणीला फोनवर आधी 'काही नाही' असंच सांगितलं होतं. वन्संनी दोनदा विचारलं, याने दोनदा तेच सांगितलं. मग फोनमधून पलंग करकरल्याचा आवाज आला, आणि जड पावलं. वन्सं उठल्या होत्या आणि मागच्या खिडकीतून काय चाललंय ते बघायला निघाल्या होत्या.

डब्याने झोका घेतला. आरशात त्याची अख्खी बाजू दिसली, खिडकी, खिडकीतला पडदा, सगळं, आणि मग ती बाजू नाहीशी होऊन दुसरी दिसली. स्टिअरिंग तिच्या हातात सैल झालं. मागे खण्ण असा आवाज झाला. वाटी उचलली गेली आणि नशिबाने पुन्हा गोळ्यावर बसली. टँकरवाल्याने भोंगा वाजवला तो थांबेचना. तिने पाय कशालाच लावला नाही. चाक सरळ धरलं आणि श्वास रोखून वाट पाहिली.

"फोन इकडे धरा," ती म्हणाली. "माझ्या तोंडाशी."

नवऱ्याने धरला.

"वन्सं, मी बोलतेय."

पलीकडे शांतता. साहजिक होतं. दोघींना थेट बोलून किती वर्षं झाली हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

"डबा गाडीला नीट जोडलेला नाही," ती म्हणाली. शब्द तिने एकेक करून ठेवले. "खटका दाबलेला नाही, पिन घातलेली नाही, साखळ्या अडकवलेल्या नाहीत. डब्याचा दांडा गोळ्यावर नुसता टेकलाय. तुम्ही पुढच्या पलंगावर होतात तोवर तुमच्या वजनाने तो दाबून बसला होता. तुम्ही मागे गेलात आणि तो उचलला गेला. आत्ता तो सुटणार होता. परत पुढच्या पलंगावर जा. उभं राहू नका. खाली बसून, जमिनीला धरून जा."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. इतकं एकदम आणि इतकं खरं कुणी कुणाला सांगतं का, असा त्याचा चेहरा झाला होता. मग फोनमधून घासत सरकल्याचा आवाज, गुडघा टेकताना दाबलेलं कण्हणं, पुन्हा सरकणं. आरशातला डबा हळूहळू ताळ्यावर येत होता. वन्संच्या त्या गुडघ्यांना खाली बसणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. आंघोळीनंतर त्यांचा तो 'आई गं' रोज भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

पलंग करकरला.

"पोचले," वन्सं म्हणाल्या. "आपण कुठे आहोत?"

"घाटात. उतारावर."

"थांबता येत नाही?"

"नाही. ब्रेक दाबला तर सुटेल. चढ लागला की थांबवते."

"चढ कुठे आहे?"

"माहीत नाही. असणार."

"ठीक आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज जरा कोरडा झाला होता, पण घडी न मोडलेला. इस्पितळाच्या फोनवर रोज अशी माणसं यायची, धापा टाकत, अर्धवट बोलत, आणि त्यांनी ती कुणाकुणाला जोडून दिली होती. "फोन बंद करू नकोस. बोलत राहा. वळण आलं की आधी सांग."

मग ती सांगत गेली. वळण येतंय, भिंतीकडे कलाल. वळण संपलं. आता रस्ता खडबडीत आहे, धक्के बसतील. मागे टँकर आहे, लांब राहिलाय. ते सांगता सांगता तिचा स्वतःचा श्वास जागेवर आला. भीती गेली नव्हती, अजिबात नाही. पाठ घामाने सीटला चिकटली होती. पण एकेक गोष्ट नाव घेऊन सांगायची म्हणजे आधी ती बघावी लागत होती, आणि बघताना बाकीचं सुचत नव्हतं.

"आणखी वजन चालेल का?" वन्संनी मध्येच विचारलं.

"चालेल. पण पुढेच. आणि झोपल्या झोपल्या हाताला लागेल तेवढंच."

खाडखाड ऐकू आली. वन्सं पलंगाखालून काहीतरी ओढत होत्या. "याची हत्यारांची पेटी आहे," त्या म्हणाल्या. "अंगावर घेतली. पिठाचा डबाही घेते." मग जराशाने, "जन्मभर डॉक्टरपासून भावापर्यंत सगळे वजन कमी कर, वजन कमी कर म्हणत आले. आज बघा."

तिला हसू फुटलं, आणि हसू फुटताच डोळ्यांत पाणी आलं, आणि रस्ता धूसर दिसायला लागला. तिने नवऱ्याला डोळे पुसायला सांगितले. त्याने रुमालाने तिचे डोळे पुसले. तो स्वतः रडत होता, पण त्याचे कोण पुसणार.

मग पुढे पूल दिसला. छोटा होता, पण घाटातले पूल असतात तसा, दोन्ही टोकांना रस्त्यात आडवी लोखंडी पट्टी. पुढच्या गाड्या तिच्यावरून जाताना टुणकन उडत होत्या.

"वन्सं, पूल आहे. धक्का बसेल. डबा उडाला तर तिथेच उडेल."

"बरं." मग त्या म्हणाल्या, "एक विचारते. खरं सांग. डबा सुटला तर तुम्हा दोघांना काही होईल?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली. "गाडी मोकळी होईल. आम्हाला काही होणार नाही."

"मग बरं आहे."

"बरं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "अजिबात बरं नाही. पलंगाच्या कडेला लोखंडी दांडा आहे, तो दोन्ही हातांनी धरा आणि सगळं अंग खाली दाबा. मी सांगेन तेव्हा. श्वास सोडून दाबा. आत्ता."

पुढची चाकं पट्टीवरून गेली. मग मागची. मग तो क्षण आला जेव्हा डब्याची चाकं पट्टीला लागली, आणि मागून खण्ण आवाज आला, आणि स्टिअरिंग पुन्हा सैल पडलं. फोनमधून वन्संचा हुंकार ऐकू आला, ओझं उचलताना निघतो तसा. वाटी बसली. पुलाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. पुन्हा बसली.

पूल संपला तिथे डोंगराच्या अंगाला एक कच्चा रस्ता वर चढत होता, खाणीकडे जाणारा असावा. खडी पसरलेली, पण रुंद. तिने विचार करायला वेळ घेतला नाही. वेळ नव्हताच. "वळतेय, चढ आहे," एवढं म्हणून तिने चाक फिरवलं. गाडीने नाक वर केलं. डबा मागे ओढला गेला, ताणून बसला, आणि तिला पाठीत कळलं की आता तो ढकलत नाही, लोंबकळतोय. खडीने चाकं धरली. तिने पाय काढला. गाडी आणखी थोडी चढली, मंद झाली, आणि थांबली. तिने हाताचा ब्रेक दोन्ही हातांनी ओढला.

"ठोकळे," ती म्हणाली. "डब्याच्या चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवा. चारही. मागच्या बाजूने."

नवरा धावला. खडीवर पडला, उठला, पुन्हा धावला. ती आरशात बघत होती. त्याने ठोकळे सारले, लाथेने आत ठोकले, मग दांड्याशी आला, खटका पूर्ण अंगाने दाबला, पिन घातली, साखळ्या अडकवल्या. त्याचे हात साखळीत अडकून रक्त आलं होतं, ते त्याला कळलंही नव्हतं. मग तो डब्याच्या दाराकडे गेला. टँकरवाला खालून जाताना काहीतरी ओरडला. शिवीच असणार, आणि ती वाजवीच होती.

तिला स्टिअरिंग सोडता येईना. बोटं उघडतच नव्हती. फोन शेजारच्या सीटवर पडला होता आणि अजून चालू होता. त्यातून दार उघडल्याचा आवाज आला, मग नवऱ्याचा.

"ताई, ऊठ. थांबलोय आपण."

पलंग करकरला नाही.

"ताई, अगं झालं. ऊठ ना."

"तू नको सांगूस," वन्संचा आवाज आला. "तिला येऊन सांगू दे."

मग तिची बोटं सुटली. ती उतरली, गाडीला धरून धरून मागे गेली, खटक्याला, पिनीला, साखळ्यांना आणि चारही ठोकळ्यांना एकेक करून हात लावून पाहिला, आणि पायरी चढून डब्यात शिरली. आत सगळीकडे पीठ उडालं होतं. वन्सं पलंगावर उताण्या पडल्या होत्या, डोळे गच्च मिटलेले, छातीवर हत्यारांची पेटी, पोटाशी पिठाचा डबा, पायांवर पलंगाखालून ओढलेल्या जादा गाद्या. दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरून त्या अजूनही सगळ्या अंगानिशी खाली दाबत होत्या.

ती त्यांच्या उशाशी गुडघे टेकून बसली.

"वन्सं, गाडी थांबलीय," ती म्हणाली. "चाकांखाली ठोकळे आहेत. खटका, पिन, साखळ्या, सगळं जागेवर आहे. मी स्वतः बघितलं. आता सोडा."

वन्संनी दांडा सोडला, आणि त्यांचं एवढं मोठं अंग पानासारखं थरथर कापायला लागलं.